ज्याचं थडगं नाही, त्याच्यासाठी मिस्सा

हे पत्र वसई तालुक्यातल्या एका कोळीवाड्यातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते. (मिस्सा म्हणजे चर्चमध्ये वेदीवर होणारा उपासनाविधी.)

"ताई, ऑगस्टमध्ये मासेमारीवरची पावसाळी बंदी उठल्यावर दुसऱ्याच खेपेला माझ्या भावाची बोट बुडाली. बोटीवर चौघे होते. दोघांना दुसऱ्या बोटीने उचललं. तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचं, शव चौथ्या दिवशी डहाणूच्या बाजूला लागलं. माझा भाऊ मिळालाच नाही. वाचलेल्या खलाशाने त्याला पाण्याखाली जाताना पाहिलंय, पोलिसांत तसा जबाबही दिलाय. आई मानायला तयार नाही. 'बॉडी दाखवा, मग मिस्सा करा,' म्हणते. रोज बोटी यायच्या वेळेला जेटीवर जाऊन बसते, रात्री त्याचं ताट वाढते. वहिनी अठ्ठावीस वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. वहिनीने एकदा मिस्साची गोष्ट काढली तर आई सगळ्यांसमोर म्हणाली, 'माझ्या पोराला तू मारतेस.' तेव्हापासून दोघी एका घरात राहून एकमेकींशी बोलत नाहीत. मी न्हाणीघरात नळ सोडून रडते. बाहेर रडले तर रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, येणाऱ्या बायका म्हणतात, 'आपण ख्रिस्ती माणसं, आपल्याला आशा आहे, रडायचं नाही. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.' भाऊ कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, न करता गेला, हेही आईला खातंय. २ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आला. अख्खा गाव दफनभूमीत जाईल. आम्ही मेणबत्ती कुठे लावायची? आणि माझा विश्वास कमी पडतोय का?"

बाय,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडून बसलंय. नाही, तुझा विश्वास कमी पडत नाहीये. नळ बंद कर आणि बाहेर येऊन रड.

मी हे केवळ तुझ्या समाधानासाठी म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढ. येशूचा मित्र लाजरस मेल्याला चार दिवस झालेत. येशू तिथे आलाय तो त्याला उठवायलाच, आणि काय करायचंय हे त्याला वाटेतच ठाऊक आहे. शिष्यांना त्याने तसं सांगितलंयही. आता थोड्याच वेळात लाजरस कबरीतून चालत बाहेर येणार. तरी लाजरसची बहीण मरिया हिला आणि तिच्याबरोबरच्या माणसांना रडताना बघून तो व्याकूळ होतो, आणि पुढे दोनच शब्द आहेत: "येशू रडला." आशा असलेल्याने रडायचं नसतं, असं असेल तर त्या दिवशी बेथानीत, लाजरसच्या गावात, रडायचं सगळ्यात कमी कारण त्याच्याकडे होतं. रोझरीला येणाऱ्या बायका मनाने वाईट नाहीत, हे मी जाणून आहे. चटया त्याच अंथरतात, चहाही त्याच करतात. पण या एका बाबतीत त्या आपल्या प्रभूपेक्षा कडक झाल्यात.

त्या ज्या वचनाचा आधार घेतात ते बहुधा पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं असावं, चौथ्या अध्यायातलं. तिथल्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेल्यांना घोर लागला होता: प्रभू परत येईल तेव्हा आपल्या या माणसांचं काय? पौल त्यांना लिहितो की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही खेद करू नये. हे वाक्य नेहमी अर्धंच सांगितलं जातं. खेदच करू नका, असं त्याने म्हटलेलं नाही. त्यांचा खेद त्याने गृहीतच धरलाय. फक्त त्या खेदाच्या टोकाला काही आहे, एवढं त्याला सांगायचंय. दुसरीकडे करिंथकरांना लिहिताना तो मृत्यूला सरळ "शेवटचा शत्रू" म्हणतो. तेव्हा "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" हे जे तुला ऐकवलं जातं, ते मला पटत नाही आणि तूही ते मनाला लावून घेऊ नकोस. लाजरसच्या घरी येशूने असलं काही म्हटल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तुझ्या भावाला समुद्राने ओढलं, मृत्यूने नेलं. त्या वेळी देव कुठल्या बाजूला होता, हे कबरीपाशी रडणाऱ्या येशूकडे बघून कळतं.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती थेट तुझ्या घरातल्या दोघींसाठी लिहिल्यासारखी आहे. मार्था आणि मरिया, दोघी सख्ख्या बहिणी, एकच भाऊ गेलेला. येशू येतोय कळताच मार्था उठून गावाबाहेर जाते. मरिया घरातच बसून राहते. पुढे दोघी वेगवेगळ्या वेळी त्याला भेटतात आणि दोघींच्या तोंडून तेच एक वाक्य येतं: "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." शब्दाला शब्द तोच, गाऱ्हाणंही तेच. पण येशू दोघींना एकच उत्तर देत नाही. मार्थेशी तो बोलतो, तिच्या प्रश्नाला प्रश्न करतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे तिलाच सांगतो. मरियेला तो एकही वचन सांगत नाही. तिच्यासमोर तो रडतो.

तुझ्या वहिनीला बोलायचंय, ठरवायचंय, उठून फादरांकडे जायचंय. तुझी आई बसून राहिलीय. वहिनी तुझ्या भावाला मारत नाहीये आणि आई त्याला जिवंत ठेवू शकत नाहीये. दोघी एकाच माणसासाठी तळमळतायत आणि दोघींची रीत निराळी आहे. एकीची रीत दुसरीवर लादायची नाही, एवढं तू मधे उभं राहून करू शकतेस. सध्या त्या घरात ते करू शकणारी तू एकटीच आहेस. हे ओझं मोठं आहे, मला कळतंय. म्हणून जे सांगते ते सगळं आठवड्याभरात उरकायचं असं नाही.

आता आईच्या अटीकडे येऊ. "बॉडी दाखवा, मग मिस्सा करा." हा हट्ट आहे असं समजून तिच्याशी वाद घालू नकोस. आपल्या किनाऱ्यावर ही अट फार जुनी आहे. २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान आठवणारी माणसं तुमच्या बंदरावरही असतील. त्या वादळात कोकणातल्या ज्या घरांची माणसं परत आली नाहीत, तिथे वाट बघणं किती काळ चालतं ते त्यांना विचार. शव हाती आलं की माणूस त्याला अंघोळ घालतो, चांगले कपडे घालतो, कपाळावर क्रूस करतो, मूठभर माती टाकतो. हातांना काम मिळतं आणि मन हळूहळू हातांच्या मागे जातं. तुझ्या आईच्या हातांना काहीच मिळालं नाही, म्हणून ते हात ताट वाढतात.

शवाची ओढ असणं अविश्वासाचं लक्षण नाही. ईस्टरच्या पहाटे मरिया मग्दालिया कबरीपाशी रडत होती ती नेमकी याच दुःखाने: माझ्या प्रभूला कुठे ठेवलंय ते मला माहीत नाही. तिला मेलेला देह हवा होता, त्याला सुगंधी द्रव्यं लावायची होती, त्यापलीकडे तिने काही मागितलं नव्हतं. त्यासाठी तिला कोणी रागे भरलं नाही. उठलेल्या प्रभूचं पहिलं दर्शन त्याच्या बारा प्रेषितांपैकी कोणालाच झालं नाही, ते या रडणाऱ्या बाईला झालं. ही गोष्ट आईला सांगताना मात्र जपून सांग. "रिकामी कबर म्हणजे तुझा मुलगा जिवंत परत येईल" असा अर्थ तिने काढला तर ती आणखी महिनोन् महिने जेटीवर बसेल. वाचलेल्या खलाशाने जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं मानायलाच हवं. आपली आशा ते खोटं ठरवण्यावर उभी नाही.

पण शव न मिळाल्याने त्याचं पुनरुत्थान अडेल का? आईच्या अटीच्या खाली ही भीती दडलेली असू शकते. तिने ती बोलून दाखवली नसेल, पण दफनाशिवाय आत्म्याला शांती नाही, असं आजूबाजूला ऐकतच आपण वाढलो. तिला एक जुनी हकीकत सांग. इसवी सन १७७ मध्ये, आज ज्याला फ्रान्स म्हणतात तिथल्या लिऑन शहरात ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. ठार मारलेल्यांचे देह छळणाऱ्यांनी घरच्यांना दिले नाहीत. सहा दिवस ते उघड्यावर टाकले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. यांना पुन्हा उठायची आशाच उरू नये, हा हेतू त्यांनी बोलून दाखवला होता. ज्यांचं दफन नाही त्यांचं पुनरुत्थान नाही, ही समजूत छळणाऱ्यांची होती. मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना आपल्या माणसांना माती देता आली नाही याचं अतोनात दुःख झालं, तेही त्यांनी लपवलं नाही. पण त्या सगळ्या घडामोडीचं पत्र त्यांनी आशियातल्या मंडळ्यांना धाडलं ते आशेनेच. त्या शहीदांचा स्मरणदिन चर्च आजही २ जूनला पाळतं. आपल्याकडे तेव्हा बंदी नुकती सुरू झालेली असते, बोटी वर ओढलेल्या असतात. नदीने वाहून नेलेल्या त्या माणसांसाठी वेदीवर मिस्सा होते, साडेअठराशे वर्षांनंतरही.

आणि बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात तर समुद्राचं नावच आहे. शेवटच्या दिवशी समुद्र आपल्यातल्या मेलेल्यांना बाहेर देईल, असं तिथे लिहिलंय. कोळीवाड्यात हे वाक्य वाचलं की अंगावर काटा येतो. हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की काही माणसांना माती मिळत नाही, आणि त्या माणसांना त्याने यादीतून वगळलं नाही. उलट समुद्राचं नाव आधी घेतलं, मरण आणि अधोलोक त्याच्यानंतर.

संत ऑगस्टीन यांना इटलीतल्या नोला इथल्या बिशप पॉलिनस यांनी साधारण असाच प्रश्न विचारला होता: दफन कुठे होतं याने मेलेल्याला काही फरक पडतो का? साधारण ४२१ च्या सुमारास ऑगस्टीननी दिलेलं उत्तर तुमच्या घरासाठी फार उपयोगाचं आहे. अंत्यविधी, थडगं, मिरवणूक हे मेलेल्याच्या उपयोगापेक्षा मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी जास्त असतं, असं ते म्हणतात. दफन न झाल्याने विश्वासू माणसाचं काही बिघडत नाही. पण म्हणून देहाला तुच्छ मानू नका, हेही ते लगेच सांगतात. बापाचं वस्त्र, बापाची अंगठी मुलांना प्राणांपलीकडे प्रिय असते, मग देह तर त्याहून किती जवळचा. भावाचा शर्ट वहिनीने न धुता कपाटात ठेवलेला असला तर कोणी तिला तो धुवायला लावू नये.

कन्फेशनची गोष्ट. आईला हे खातंय, कारण तिने त्याला लहानपणापासून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कन्फेशनला हात धरून नेलेलं असणार. तिला लूकच्या तेविसाव्या अध्यायातल्या त्या चोराची आठवण दे, येशूच्या शेजारी क्रूसावर खिळलेल्या. त्याला ना स्नानसंस्कार, ना तैलाभ्यंग, ना ख्रिस्तप्रसाद. हातपाय खिळलेले, वेळ संपत आलेली, एवढंच म्हणाला, "माझी आठवण करा." त्याला "आज" हे उत्तर मिळालं. मनापासूनचा पश्चात्ताप करायला एक क्षण पुरतो, ही चर्चची शिकवणच आहे, आणि पाण्यात त्या शेवटच्या क्षणी तुझ्या भावाच्या ओठांवर कोणाचं नाव आलं असेल हे आईला कोणी सांगायला नको. कोळ्याच्या पोराच्या तोंडी अशा वेळी दुसरं काय येतं? स्तोत्र १३९ तिला वाचून दाखव. पहाटेचे पंख घेऊन मी समुद्राच्या पार टोकाला गेलो तरी तिथेही तुझा हात मला धरील, असं म्हणणारं स्तोत्र ते. सगळं वाचू नकोस, सातव्यापासून बाराव्या ओवीपर्यंत पुरे.

तर मिस्सा करायची की नाही? करायची. शव नसतानाही मृतासाठी मिस्सा होते. विधीत जो भाग देहाशी जोडलेला आहे तो वेगळा होतो, ते फादर सांगतील. शवपेटी असती तर तिच्याजवळ पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती लावली असती. ती मेणबत्ती उठलेल्या ख्रिस्ताची असते, म्हणून शवपेटी नसली तरी ती लावायला फादरांना जरूर सांग.

पण आईला डावलून, तिच्या पाठीमागे ही मिस्सा करू नका. मधली एक वाट आहे आणि ती फसवणुकीची नाही. चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरू मिस्सा कोणासाठीही अर्पण करू शकतात, जिवंतासाठी आणि मृतासाठी. ऑफिसात जाऊन नुसतं भावाचं नाव दे. फादरांना सगळं खरं सांग आणि विनंती कर की नावाआधी "कैलासवासी" नको, "मृत" नको, नुसतं नाव. मग आईला सांग: "आई, रविवारी त्याच्या नावाने मिस्सा आहे. तो गेला असं आम्हाला वाटतं, तुला वाटत नाही. देवाला तो कुठे आहे ते माहीत आहे. आपण तिघी जाऊन त्याला देवाच्या हाती देऊ." यात एकही शब्द खोटा नाही. ती आली तर उत्तम. नाही आली तर घरी परत येऊन मिस्सा झाल्याचं तिला शांतपणे सांग, लपवू नकोस. पुढची मिस्सा मृतांसाठीची असेल तेव्हाही आधी तिला सांगायचं. ती रागावेल. रागावू दे.

जेटीवर जायला तिला अडवू नका. पण एकटीला जाऊ देऊ नका. तू तिच्या शेजारी जाऊन बस, जमेल त्या दिवशी. काही समजवायचं नाही. टोपल्या उतरतात, बर्फ फोडतात, बोंबील वाळायला वलांडीवर जातात, हे सगळं तिच्याबरोबर बघ. ती त्याच्या लहानपणाबद्दल बोलायला लागली की ऐक. ताटाचंही तसंच. ते ताट कोणी उचलून घेऊ नका, त्यावरून टोमणा मारू नका. एक दिवस ती स्वतःच ते वाढायचं थांबवेल किंवा नातवाला देईल; कधी, ते तिचं ती ठरवेल. मात्र ती जेवायची बंद झाली, रात्र रात्र झोपली नाही, किंवा "मीपण त्याच्याकडे जाते" असं पाण्याकडे बघून बोलली, तर ते निव्वळ दुःख म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोनवर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. प्रार्थना आणि डॉक्टर यांच्यात निवड करायची वेळ आपल्यावर येत नसते. दोन्ही करायचं.

पाच वर्षांच्या त्या लेकराबद्दल तू फक्त एका ओळीत लिहिलंस. मला त्याची काळजी सगळ्यात जास्त वाटते. घरात एक बाई म्हणते पप्पा येणार, दुसरी गप्प बसते, आत्या न्हाणीघरातून लाल डोळ्यांनी बाहेर येते. त्याला काय सांगितलंय? "पप्पा झोपलेत" असं सांगितलं असेल तर ते लेकरू झोपायला घाबरेल. "पप्पा देवाकडे गेलेत, देवाला ते आवडले" असं सांगितलं असेल तर ते देवावर चिडेल, आणि त्याच्या जागी मीही चिडले असते. साधं सांगा, वहिनीनेच सांगावं, तू शेजारी बस: "पप्पांची बोट बुडाली. सगळ्यांनी खूप शोधलं. पप्पा वारले, ते आता घरी येणार नाहीत. आपल्याला खूप वाईट वाटतं. येशू मेला होता आणि पुन्हा उठला, तो पप्पांनाही उठवणार आहे, आपण त्यांना तेव्हा भेटू." तो विचारेल, कधी? "ते आम्हाला माहीत नाही" हेच खरं उत्तर आहे. तो तोच प्रश्न वीस वेळा विचारेल आणि वीस वेळा तेच शांतपणे सांगावं लागेल. मधेच उठून खेळायला जाईल, त्याला "याला काही कळत नाही" म्हणू नका. आजी वेगळं का बोलते, हेही विचारेल. "आजीला अजून खूप कठीण जातंय" एवढं पुरे. त्याला आजीविरुद्ध साक्षीदार करू नका.

आता मेणबत्ती. तुमच्या घरच्या कुठल्या तरी थडग्यावर आजोबांचं, पणजोबांचं नाव असेलच. २ नोव्हेंबरला तिथे जा, गवत काढा, शेवंती वाहा आणि एक मेणबत्ती त्याच्यासाठी लावा. पुढे जेव्हा तुमच्या मनाची तयारी होईल तेव्हा त्याच दगडावर त्याचं नाव कोरून घेता येईल का ते चर्चमध्ये विचार. खाली देह नसताना नाव लिहिणं यात धर्माच्या विरुद्ध काही नाही. आणि कोरणाराला नावाशेजारी एक नांगर काढायला सांग. बोटीचा नांगर. रोममधल्या प्रिस्सिलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या भुयारी दफनभूमीत पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या माणसांच्या कबरींवर नांगर कोरलेले आजही दिसतात. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, तो हा. क्रूस तर सगळ्यांच्याच दगडावर असतो. तुझ्या भावाने आयुष्यभर हाताळलेली वस्तू त्याच्या नावाजवळ असावी असं मला फार वाटतं.

त्या दिवशी आई दफनभूमीत यायची नाही, हे धरून चाल. तेव्हा आधीच ठरवा: वहिनी मुलाला घेऊन जाईल, तिच्या माहेरचं कोणी बरोबर असेल, आणि तू आईजवळ थांबशील. वहिनीला हे आधी सांगून ठेव, नाहीतर तू आईच्या बाजूची झालीस असं तिला वाटेल. संध्याकाळी तू एकटी जाऊन ये.

वहिनीचं थोडं बोलायला हवं, कारण सगळ्यांचं लक्ष आईकडे आहे. तिच्या अंगावर काळं असावं की पांढरं, गळ्यातली पोत ठेवावी की काढावी, हे तिने ठरवायचं; सासूनेही नाही आणि शेजाऱ्यांनी तर नाहीच. कागदपत्रांचं काम मात्र लांबणीवर टाकू नका. वाचलेल्या खलाशाच्या जबाबाची प्रत पोलिसांकडून घेऊन ठेवा, मिसिंगच्या तक्रारीचीही. किनाऱ्यावर एखादं शव सापडलं तर ओळख पटवण्यासाठी आईचा आणि मुलाचा डीएनए नमुना लागू शकतो, त्याबद्दल पोलिसांनाच विचारून घ्या. सात वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर कायदा त्याला मृत धरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि म्हणून घरं सात वर्षं हात बांधून बसतात. मृत्यूचा प्रत्यक्ष पुरावा असेल तर तो त्याआधीही न्यायालयापुढे मांडता येतो. वकिलाला भेटा. मच्छीमार सोसायटीत विम्याची चौकशी करा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यूसाठी ५ लाख रुपयांची तरतूद आहे, भावाचं नाव त्यात नोंदलेलं होतं का ते बघा. आणि कधीतरी, आज नाही, उद्याही नाही, वहिनीच्या मनात पुन्हा लग्नाचा विचार आलाच, तर चर्चमध्ये त्यासाठी बिशपांकडून मृत्यूची घोषणा घ्यावी लागते. नुसती वर्षं उलटून ती मिळत नाही, पुरावे आणि साक्षी बघून मिळते. तिथेही हाच जबाब उपयोगी पडेल. हे आत्ता घरात बोलू नकोस. फक्त कागद सांभाळून ठेव.

राहिली तू. तू भावाची बहीण आहेस आणि पत्रात स्वतःबद्दल दोनच वाक्यं लिहिलीस. दोघींना सांभाळताना तुझं रडणं राहून जाईल. ज्या एखाद्या मैत्रिणीसमोर नळ सोडावा लागणार नाही तिच्याकडे आठवड्यातून एकदा जाऊन बस. देवावर राग आला तर त्यालाच बोलून दाखव. मार्थेने आणि मरियेने तेच केलं, "आपण येथे असता तर" म्हणून त्याच्या तोंडावर सुनावलं, आणि त्याने दोघींपैकी एकीलाही गप्प बस म्हटलं नाही.

२ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी नावं आधी द्यावी लागतात, यादी भरते. तेव्हा या रविवारीच मिस्सा सुटल्यावर फादरांना गाठ. वहिनीलाही बरोबर ने.